डाळिंबाच्या सालीचं वेष्टन

[दृश्य: काचेच्या थाळीवरून पिवळसर फिल्म अलगद सुटते आहे.]

सोललेले अक्रोड उघडे राहिले की खवट लागतात. हवेतल्या ऑक्सिजनमुळे तेलाचा एक रेणू बिघडतो, तो शेजारच्याला बिघडवतो, आणि साखळी लांबत जाते. डाळिंबाच्या सालीतली पॉलिफेनॉल्स नावाची संयुगं स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतात. सालीचा अर्क काढून तो मातीत कुजणाऱ्या फिल्ममध्ये, म्हणजे वेष्टनाच्या पातळ पापुद्र्यात, मुरवता येतो.

साल ४० अंशांवर कडकडीत वाळवून दळा. १० ग्रॅम पुडीला १०० मिली द्रावण घ्या, निम्मं पाणी, निम्मं इथेनॉल. अंधारात दोन तास ढवळा, गाळा आणि कमी दाबाखाली, ४५ अंशांच्या आत आटवून कोरडं करा. इथे घाई नडते. उघड्यावर उकळलेल्या अर्काचं ऑक्सिडीकरण भांड्यातच होतं. तो गडद दिसतो, पण गडद रंग म्हणजे जास्त ताकद नव्हे.

आता फिल्म. १ टक्का ॲसेटिक आम्लाच्या १०० मिली द्रावणात २ ग्रॅम कायटोसान (फिल्मचा मुख्य पदार्थ) रात्रभर ढवळा. साध्या पाण्यात ते विरघळतच नाही. मग गाळून ०.६ ग्रॅम ग्लिसरीन घाला. ते कमी पडलं तर फिल्म सोलताना तडकते, जास्त झालं तर बोटाला चिकटते.

[दृश्य: थेंब पडताना, अगदी जवळून.]

०.१ ते ०.२ ग्रॅम अर्क थोड्या पाण्यात विरघळवून, ढवळत ढवळत थेंबाथेंबाने सोडा. एकदम ओतला तर सालीतली टॅनिन्स (पॉलिफेनॉल्सचाच एक प्रकार) कायटोसानला धरून बसतात आणि दुधात लिंबू पिळावं तशा गुठळ्या होतात. त्या पुन्हा विरघळत नाहीत. ते द्रावण सरळ टाकून द्यावं.

व्हॅक्यूमखाली बुडबुडे काढा. राहिलेला प्रत्येक बुडबुडा म्हणजे फिल्मला एक भोक. ९ सेंटिमीटरच्या थाळीत २५ मिली ओता. थाळी पाणसळीने समतल केलेली हवी, नाहीतर एक कड जाड, एक पातळ. ३५ ते ४० अंशांवर एक-दोन दिवसांत साधारण ८० मायक्रॉनची फिल्म मिळते.

अर्क साखळी तोडतो का, हे तपासायला डीपीपीएच या रसायनाचं जांभळं द्रावण वापरतात. अर्काने काम केलं की ते पिवळं पडत जातं; जांभळ्या रंगाची ही घट ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायची. सोबत बिनअर्काची फिल्म हवीच. तिच्याशी तुलना केल्याशिवाय श्रेय अर्काचं की कायटोसानचं, हे कळणार नाही.

ओल्या पदार्थाला मात्र ही फिल्म गुंडाळू नका. ती पाणी पिऊन फुगते आणि अर्क बाहेर वाहून जातो. कोरडा, तेलकट पदार्थ हीच तिची जागा. कायटोसान बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचातून येतं, म्हणून स्रोत लेबलवर लिहावाच.

[दृश्य: मातीत पुरलेले तुकडे.]

कुजण्याची चाचणीही दोन्ही फिल्म्सवर करावी. अर्क जिवाणूंनाही रोखू शकतो, त्यामुळे त्याचं प्रमाण वाढवताना कुजणं मंदावलं का, हे दर आठवड्याला तुकडा धुऊन, वाळवून, वजन करून पाहावं लागतं.