चेंडू हवेत असताना

नमस्कार मंडळी.

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापलाय, 'शेवटच्या सेकंदाचा लांबचा शॉट आणि प्रेक्षक'. मला काय म्हणायचंय ते आधीच सांगून टाकते. बास्केटबॉलमधला असा शॉट हातातून सुटला की प्रेक्षकांच्या तोंडून जो पहिला आवाज निघतो, 'अरे नको!' किंवा 'मार!', तो त्या क्षणावरचा सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय असतो. चेंडू नेटमधून खाली आला किंवा रिंगवर आपटून बाहेर गेला, की पुढच्या प्रत्येक बोलण्यात निकाल मिसळतो. प्रेक्षकाला लोक चंचल म्हणतात. आत्ता 'नको' म्हणत होता, आता नाचतोय, असं म्हणून हसतात. मला ते पटत नाही. 'नको' म्हणताना तो खेळ वाचत असतो आणि नाचताना आनंद करत असतो. ही दोन वेगळी कामं आहेत.

आज सभागृहात निम्मे लोक तरी कोर्टवर गुडघे फोडून घेतलेले दिसतात. (हशा) त्यामुळे लांबच्या रेषेमागून मारलेला, तीन गुणांचा थ्री पॉइंटर म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. मी वीस वर्षं सामन्याची वेळ धरणाऱ्यांच्या टेबलावर बसते. घड्याळ माझ्याकडे असतं. पंचांची शिट्टी वाजली की घड्याळ थांबवायचं, चेंडू आत आला आणि खेळाडूचा हात लागला की चालू करायचं. माझ्यासाठी सामना म्हणजे उजव्या हाताचा अंगठा. म्हणून मला प्रिय असलेली एक गोष्ट सांगते. 15 जानेवारी 1990, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अमेरिकेतल्या एनबीए लीगमधला सामना, निक्स विरुद्ध शिकागो बुल्स. बरोबरी झालेली आणि घड्याळात 0.1 सेकंद. निक्सच्या ट्रेंट टकरनं बाहेरून आलेला पास पकडला, वळला, थ्री मारला आणि तो आत गेला. आता मला सांगा, पकडणं, वळणं आणि सोडणं एक दशांश सेकंदात बसतं का? बुल्सनी तक्रार केली, ती फेटाळली गेली. पण पुढच्या मोसमापासून नियम आला, की पास पकडून शॉट मारायचा तर घड्याळात निदान 0.3 सेकंद हवेत. एका अंगठ्यानं नियमपुस्तकात कलम घातलं. टेबलावर बसणाऱ्यांना मी ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगते.

हे सांगायचं कारण असं. वेळ संपल्याचा हूटर वाजायच्या आत चेंडू हातातून सुटलेला असला, तर हूटर वाजून गेल्यावर रिंगमधून गेला तरी बास्केट धरतात. तीस-पस्तीस फुटांवरून मारलेला चेंडू सव्वा-दीड सेकंद हवेत असतो. म्हणजे घड्याळ शून्यावर आलेलं, बोर्डाच्या कडेचा लाल दिवा लागलेला, दहाही खेळाडूंच्या हातात करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि निकाल मात्र अजून लागायचाय. त्या वेळात सभोवतीचे हजारो लोक तेवढे जिवंत असतात. कबड्डीच्या शेवटच्या चढाईत निदान चढाईवाला धडपडत असतो. इथे सगळे वर बघत उभे.

आता पोर्टलंड. 24 एप्रिल 2019 ची सकाळ आठवा. आदल्या दिवशी आपल्याकडे लोकसभेचं मतदान झालं होतं, बोटावरची शाई अजून गडद होती. तिकडे 23 तारखेची रात्र. पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स आणि ओक्लाहोमा सिटी थंडर, मालिकेतला पाचवा सामना. ब्लेझर्स मालिकेत 3-1 नं पुढे. गुणफलक 115-115. चेंडू डेमियन लिलार्डकडे. मी स्वयंपाकघरात फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेली होती. लिलार्ड मध्यरेषेजवळ उभा राहून नुसता टप्पे घेतोय. समोर पॉल जॉर्ज, त्या काळातला उत्तम बचावपटू. अठरा सेकंद, पंधरा, दहा. लिलार्ड पुढे यायलाच तयार नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "अरे, आत तरी जा!" त्यानं उजवीकडे एक टप्पा घेतला, मागे सरकला आणि 37 फुटांवरून सोडला. थ्रीची रेषा तिकडे 23 फूट 9 इंचांवर आहे. म्हणजे रेषेच्याही तेरा फूट मागून. गेला. 118-115, मालिका संपली. त्या रात्री त्याचे 50 गुण झाले, आणि हा त्याचा दहावा थ्री. त्यानं थंडरच्या दिशेनं हात हलवून निरोप दिला.

नंतर पॉल जॉर्ज म्हणाला की शॉट वाईटच होता, कोणी काहीही म्हणो. जगभर लोक त्याच्यावर तुटून पडले. माझं म्हणणं वेगळं आहे. तो चुकला, पण त्याचा प्रश्न खरा होता. शॉट चांगला की वाईट, हे तो आत गेला की नाही यावरून ठरत नाही, एवढंच तो सांगत होता. आणि मीसुद्धा गॅससमोर तेच ओरडले होते. म्हणून नंतर मी माझ्या ओरडण्याचा शोध घेतला. त्याकडे येते, पण आधी एक गोष्ट सांगायलाच हवी. तिच्यासाठीच खरं तर मी आज आले आहे.

आपल्याच जिल्ह्यातली शालेय स्पर्धा, डिसेंबरातली. सतरा वर्षांखालच्या मुली. सिमेंटचं कोर्ट, चुन्यानं पुन्हा मारलेल्या रेषा, पाटीवर आकडे उलटायचा गुणफलक आणि माझ्यासमोर हूटर, तोही बॅटरी बदलून चालवलेला. शेवटचा क्वार्टर, बेचाळीस बेचाळीस. सात सेकंद उरलेले असताना एका मुलीच्या हातात रिबाउंड, म्हणजे हुकून परतलेला चेंडू, आला. दहावीतली मुलगी, उंचीनं बेताची. ती ड्रिबल करत मध्यवर्तुळापर्यंत आली. समोर दोघी उंच मुली आडव्या. डाव्या हाताला तिची मैत्रीण मोकळी होती, पण तिच्याकडे जाणाऱ्या रेषेत एक हात आलेला. माझं लक्ष घड्याळावर, तीन सेकंद, दोन. कडेला पालक उभे होते. एक आई जिवाच्या आकांतानं ओरडली, "अगं नको! पास दे!" मुलीनं तिथूनच मारला.

मग जे झालं ते मला आजही ऐकू येतं. काहीच ऐकू आलं नाही. दोन शाळांची पोरं, वडापाववाला, पलीकडचे खो-खोचे पंच, सगळे गप्प. हूटर माझ्याच अंगठ्याखाली वाजला आणि त्या शांततेत तो फार मोठा वाटला. चेंडू रिंगच्या मागच्या कडेवर आपटला, ठण्ण आवाज झाला, सरळ वर उडाला आणि बाहेर पडला. ओव्हरटाइम. त्या जादा वेळात तिची शाळा तीन गुणांनी हरली.

प्रशिक्षक सरांनी तिला सगळ्यांसमोर ऐकवलं. शहाणपणा केलास, हीरोगिरी केलीस, तुझ्यामुळे हरलो. पुढच्या स्पर्धेला संघाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी पंचांशी बोलले, शाळेत जाऊन बोलले. मला सांगण्यात आलं की टेबलवाल्यांनी टेबल सांभाळावं. मंडळी, हा राग मी अजून सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. कारण ती मुलगी रोज सकाळी साडेसहाला त्याच कोर्टवर मध्यवर्तुळाजवळून चेंडू टाकत असे. मी घड्याळं तपासायला लवकर जायची, तेव्हा पाहिलंय. दप्तर खांबाला टेकवून ठेवलेलं, बुटांची नाडी दोनदा गुंडाळून घोट्यापाशी बांधलेली, आणि चेंडू स्वतःच आणायला धावायचं, कारण आणून द्यायला कोणी नाही. दहातले तीन जायचे, कधी चार. त्या अंतरावरून हे फार चांगलं आहे.

आता बघा. ती आई 'नको' म्हणाली, ते मला शंभर टक्के मान्य आहे. तिनं मोकळी मैत्रीण पाहिली होती, अंतर पाहिलं होतं, आणि जे वाटलं ते चेंडू सुटायच्या आत म्हणाली. चेंडू गेला असता तर तिनंच मुलीला उचलून घेतलं असतं, आणि त्यातही खोटं काही नसतं. सर मात्र शॉटच्या वेळी गप्प होते. मी समोरच होते, त्यांनी टाइमआउटही मागितला नाही, हाकही मारली नाही. चेंडू बाहेर पडल्यावर त्यांना तो वाईट वाटला. ही दोन मतं मी एका तराजूत कशी घालू?

(चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरलीत. बरं.)

मायामीचं थोडक्यात सांगते. 18 जून 2013, अंतिम मालिकेतला सहावा सामना. सॅन अँटोनिओ स्पर्स मालिकेत 3-2 नं पुढे आणि शेवटच्या अर्ध्या मिनिटात सामन्यातही पाच गुणांनी पुढे. विजेत्यांच्या सोहळ्यासाठी कोर्टभोवती पिवळी दोरी धरून माणसं उभी राहिली होती. घरच्या संघाचे कितीतरी प्रेक्षक उठून गाड्यांकडे निघाले. मग मायामीच्या लेब्रॉन जेम्सचा एक थ्री आत गेला, स्पर्सनी फ्री थ्रोवर एक गुण मिळवला, जेम्सचा पुढचा थ्री हुकला, ख्रिस बॉशनं रिबाउंड घेतला, रे ॲलन पाठमोरा धावत कोपऱ्यात गेला आणि 5.2 सेकंद असताना थ्री. 95-95. ओव्हरटाइम सुरू झाल्यावर बाहेर पडलेले लोक परतले तर दारं बंद, आत सोडेनात. काचेवर थापा मारत राहिले. मायामी 103-100 नं जिंकली, पुढे मालिकाही. त्या निघून गेलेल्यांची टर उडवणं सोपं आहे. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, कारण 'नको' म्हणायचा त्यांचा हक्क त्यांनीच सोडला. माझ्या पाहण्यातला चाहता 'नको नको' म्हणत का होईना, उभा राहतो. आणि रे ॲलनचं ते मागे धावणं नशीब नव्हतं. जमिनीवर पडून, उठून, पाठमोरं कोपऱ्यात जाऊन शॉट मारायचा, असा सराव तो वर्षानुवर्षं करत होता.

आता जे सांगायला बोलावलं होतं ते, भराभर.

माझ्या स्वयंपाकघरातला 'आत जा' कुठे चुकला? मी फक्त अंतर मोजलं. घड्याळ आणि गुणफलक विसरले, वीस वर्षं घड्याळ हातात असून. पोर्टलंडला 115-115 होतं. शॉट हुकला असता तर हार नव्हती, ओव्हरटाइम होता. आणि लिलार्डनं घड्याळ शून्यावर येईपर्यंत थांबून मारला, म्हणजे समोरच्यांना उत्तर द्यायला वेळच नाही. 27 फेब्रुवारी 2016, ओक्लाहोमा सिटी, पाहुण्या गोल्डन स्टेटचा स्टीफन करी: ओव्हरटाइममध्ये 118-118, टाइमआउट शिल्लक असताना तो न घेता चेंडू घेऊन आला, सदतीस-अडतीस फुटांवरून मारला, 0.6 सेकंद उरले, 121-118. पुन्हा बरोबरी. 12 मे 2019, टोरांटो, घरच्या संघाचा कवाय लेनर्ड, सातवा सामना, 90-90: उजव्या कोपऱ्यातून, फिलाडेल्फियाच्या जोएल एम्बीडच्या हातांवरून. चेंडू रिंगवर चारदा उसळला आणि मग आत पडला, 92-90. तो थ्री नव्हता, दोनचाच होता, पण पुन्हा बरोबरी. आणि आपल्या मुलीचे? बेचाळीस बेचाळीस.

बरोबरी असताना शेवटच्या क्षणी मारलेला लांबचा शॉट अंतरानं धाडसी असतो, हिशेबानं नाही. गर्दीत आत घुसलात तर चेंडू हिसकावला जाऊ शकतो, चार्जिंगचा, म्हणजे समोरच्याला धडकल्याचा, फाउल होऊ शकतो, रिंगजवळचा लेअप अडवून समोरचा पळत सुटू शकतो. तीन सेकंद आधी मारलात तर मात्र खरा धोका. एक गुणानं मागे असाल तर गणित वेगळं, तीननं मागे असाल तर दुसरा पर्यायच नाही. मायामीत धाडस नव्हतं, गरज होती. म्हणून प्रेक्षकांतल्या मुलांना मी सांगते, 'नको' जरूर ओरडा, पण ओरडायच्या आधी एकदा पाटीकडे आणि एकदा घड्याळाकडे नजर टाका.

आणखी एक, मग थांबते. एनबीएत वर्षानुवर्षं खेळाडू क्वार्टरच्या शेवटी अर्ध्या कोर्टावरून चेंडू टाकायला कचरायचे. हुकला तर स्वतःची शॉट आत जाण्याची टक्केवारी घसरते, म्हणून हूटर वाजून जाऊ द्यायचा आणि मग टाकायचा. सरावलेल्या प्रेक्षकाला ते कळायचं. 2025-26 च्या मोसमापासून नियम बदलला: पहिल्या तीन क्वार्टरांच्या शेवटच्या तीन सेकंदांत, कोर्टाच्या मागच्या, म्हणजे स्वतःच्या, अर्ध्यातून सुरू झालेल्या खेळात 36 फूट किंवा त्याहून लांबून टाकलेला चेंडू हुकला, तर ती नोंद खेळाडूच्या नव्हे, संघाच्या खात्यावर जाते. जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगनं हिशेबाची वहीच बदलली, खेळाडूनं मारायला घाबरू नये म्हणून. आपल्या जिल्ह्याच्या शाळांतले सर अजून मुलींची नावं यादीतून खोडतायत.

वेळ संपली. शेवटी तुम्हाला एक चित्रफीत दाखवणार होते, पण तिच्यात दाखवण्यासारखं काही नाही. त्या दिवशी एका वडिलांनी फोनवर सामना घेतला होता. मुलीनं चेंडू सोडला तेव्हा त्यांचा हात खाली आला, त्यामुळे पुढे फक्त त्यांच्या चपला आणि सिमेंट दिसतं. आवाज मात्र पूर्ण आहे. अकरा सेकंदांचा. सुरुवातीला आईचा 'नको' ऐकू येईल, मग काही नाही, मग हूटर, मग रिंग. रिंगच्या आवाजानंतर लगेच एक टाळी आहे, एकाच माणसाची. ती कोणाची, हे मी अजून शोधते आहे. पडदा बंद करा. पंखेही बंद करा, दोन मिनिटं. आणि आवाज मोठा करा.