दोन टोकांची बेरीज

नमस्कार श्रोतेहो. संगणकाच्या पदवीला जायचं ज्यांनी ठरवलंय, ती मुलं आणि त्यांचे आईवडील सध्या कॉलेजांची माहितीपत्रकं चाळत असतील. त्यात पहिल्या वर्षाखाली काही विषय दिसतात. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन. मुलं त्यावरून नजर फिरवतात आणि थेट शेवटच्या वर्षावर जातात. मशीन लर्निंग आहे का, क्लाउड आहे का? आज माझं सांगणं एवढंच आहे की आधी पहिलं वर्ष वाचा. पुन्हा सांगतो, पहिलं वर्ष वाचा.

शाखांच्या नावांच्या गोंधळाबद्दल थोडं बोलून टाकतो. पदवीच्या पातळीवर संगणकशास्त्रात काय शिकवावं, याचा पहिला मोठा आराखडा 'असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी' या संस्थेने 1968 साली मांडला. 2005च्या अहवालापर्यंत पाच शाखा झाल्या होत्या: कॉम्प्युटर सायन्स, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, इन्फर्मेशन सिस्टिम्स आणि इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी. 2020च्या अहवालात सायबर सिक्युरिटी आणि डेटा सायन्स आले. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हार्डवेअरकडे झुकतं, इन्फर्मेशन सिस्टिम्स व्यवसायाच्या कारभाराकडे. आयटीत एखाद्या संस्थेचं नेटवर्क, सर्व्हर, डेटाबेस उभे करायचे आणि ते चालते ठेवायचे, यावर भर. कॉम्प्युटर सायन्समध्ये रीत शोधायची आणि ती बरोबर का आहे हे दाखवायचं. दारं वेगवेगळी असली तरी पहिल्या वर्षी प्रोग्रॅम लिहायला सगळ्यांनाच बसावं लागतं. आणि मला जी गोष्ट सांगायची आहे, ती तिथलीच आहे.

डेटा स्ट्रक्चर्सच्या तासाला बायनरी सर्च शिकवतात. शब्दकोशात आपण शब्द शोधतो तसंच ते. मधलं पान उघडायचं. आपला शब्द त्याच्या आधी येत असेल तर पुढचा अर्धा भाग सोडायचा, नंतर येत असेल तर मागचा. उरलेल्या भागाचं पुन्हा मधलं पान. दर खेपेला निम्मं काम संपतं. शंभर कोटी नोंदींची क्रमाने लावलेली यादी असली तरी जास्तीत जास्त 30 वेळा पाहून निकाल लागतो. (शब्दकोशावरून आठवलं, मुलांच्या हाताशी छापील शब्दकोश असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. एक शब्द शोधताना शेजारचे चार डोळ्यांखालून जातात, आणि भाषा अशीच वाढते. उत्तम प्रोग्रॅमर मला नेहमी भाषेचेही पक्के आढळले आहेत. असो.)

तर बायनरी सर्च. दिसायला दहा-बारा ओळींचा प्रोग्रॅम. अमेरिकेत पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे. 1980च्या दशकातली गोष्ट. तिथे जॉन बेंटली अल्गोरिदम, म्हणजे गणनेच्या रीती, शिकवत. पीएच.डी.ला नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी पहिल्याच तासाला सांगितलं, बायनरी सर्च लिहा. सगळ्यांनी लिहिला. मग बेंटलींनी त्यातला एक प्रोग्रॅम घेतला आणि वर्गासमोर ओळीओळीने उलगडून दाखवला. तो चुकीचा होता. बाकीच्यांचेही बहुतेक चुकलेले होते. पीएच.डी.ला आलेली मुलं ही! डोनाल्ड क्नूथ या संगणकशास्त्रज्ञांनी तर नोंदवून ठेवलंय की बायनरी सर्चची कल्पना पहिल्यांदा 1946 साली प्रसिद्ध झाली, पण यादी कितीही लांबीची असली तरी चालेल अशी रीत छापून यायला 1960 साल उजाडलं. चौदा वर्षं, दहा-बारा ओळींसाठी.

त्या वर्गात जोशुआ ब्लॉक नावाचा विद्यार्थी होता. त्या तासाचा धडा त्याच्या मनात पक्का बसला. फेरी (प्रोग्रॅममध्ये पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळी, म्हणजे लूप) कितीही वेळा फिरली तरी जी अट खरीच राहिली पाहिजे ती आधी ठरवा, मग कोड लिहा. पुढे ब्लॉक सन कंपनीत गेले आणि जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या ग्रंथालयातलं, म्हणजे तयार कोडच्या साठ्यातलं, बायनरी सर्च त्यांनीच लिहिलं. कशावरून लिहिलं? आपल्या गुरूच्या प्रोग्रॅमवरून. बेंटलींनी तो छापताना बरोबर असल्याची सिद्धताही दिली होती आणि चाचण्याही घेतल्या होत्या. जगभर लोक तो वापरू लागले.

सुमारे नऊ वर्षं गेली, आणि एक दिवस कुणाचा तरी प्रोग्रॅम त्याच बायनरी सर्चमध्ये कोसळला.

चूक कुठे होती, नीट ऐका. मधली जागा काढायची एक ओळ असते. शोधायच्या उरलेल्या भागाचं खालचं टोक अधिक वरचं टोक, भागिले दोन. सरासरी! यात काय चुकणार? कागदावर काहीच चुकत नाही. पण संगणकात साधा पूर्णांक 32 बिटांत, म्हणजे शून्य किंवा एकच्या 32 घरांत, बसवतात आणि त्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या असते 2,14,74,83,647. दोनशे चौदा कोटींच्या थोडं पुढे. आता समजा यादी प्रचंड आहे. खालचं टोक 150 कोटीव्या जागेवर आहे आणि वरचं 200 कोटीव्या. दोन्ही संख्या मर्यादेत आहेत. बेरीज मात्र 350 कोटी, आणि ती मावत नाही. जावा अशा वेळी तक्रार करत नाही. बेरीज उलटून उणे 79 कोटी 49 लाख 67 हजार 296 होते. तिचं निम्मं, उणे 39 कोटींच्या पुढे. आणि प्रोग्रॅम यादीतल्या त्या उणे क्रमांकाच्या जागी वाचायला जातो. अशी जागाच नसते. तिथे तो थांबतो.

दुरुस्ती एका ओळीची. वरच्या टोकातून खालचं वजा करा, आले 50 कोटी. निम्मे 25. ते खालच्या टोकात मिळवा, 175 कोटी. उत्तर तेच आणि वाटेत कुठलीच संख्या मर्यादेबाहेर गेली नाही.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण यादी साधारण 107 कोटींच्या पुढे गेल्याशिवाय ही चूक डोकंच वर काढत नाही. एकेक नोंद 4 बाइटांची धरली तरी 4 गिगाबाइट मेमरी झाली. प्रोग्रॅम लिहिला त्या काळात एवढी मेमरी एका यादीला देणं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. संगणक मोठे झाले आणि चूक उघडी पडली. 2006 साली ब्लॉक यांनी हे सगळं स्वतः जाहीरपणे लिहिलं. आपला कोड आणि आपल्या गुरूंचा कोड, दोन्ही. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

आता बघा, यातला कुठला विषय नवा आहे? फेरीतली अट सांभाळणं आणि सिद्धता देणं डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये येतं. यादी आणि शोध डेटा स्ट्रक्चर्समध्ये. संख्या 32 बिटांत कशी बसते ते कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनमध्ये. तिन्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षातले. सिद्धता कागदावरच्या संख्यांसाठी बरोबर होती, यंत्रातल्या संख्यांसाठी नव्हती. त्यातला एक विषय जरी कच्चा राहिला, तर ही चूक दिसली तरी कळणार नाही.

म्हणून कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळेत किती संगणक आहेत हे विचाराच, पण त्याबरोबर हेही विचारा: पहिल्या वर्षाचं प्रोग्रॅमिंग कोण शिकवतं? मुलांनी लिहिलेला कोड कुणी ओळ न ओळ वाचतं का? की उत्तर पडद्यावर आलं की बरोबरची खूण? माझ्या मते सगळ्यात अनुभवी शिक्षक पहिल्याच वर्षाला द्यावेत, आणि काही तास तरी संगणक बंद ठेवून कागदावर प्रोग्रॅम लिहून घ्यावा. यावर माझे अनेक सहकारी माझ्याशी भांडतात. मी मत बदललेलं नाही.

आता कोड लिहून देणारी साधनं आली आहेत, मग हे सगळं कशाला, असं मुलं विचारतात. तयार मिळालेला कोड बरोबर आहे की नाही, हे कुणाला तरी वाचून सांगावंच लागतं. ब्लॉक यांना मिळालेला कोडही तयारच होता, तोही नावाजलेल्या शिक्षकाचा. वाचायला शिकवतं ते पहिलं वर्ष. पुन्हा एकदा, पहिलं वर्ष.

ज्यांना प्रोग्रॅमिंग थोडंफार येतं, त्यांनी आज कागदावर बायनरी सर्च लिहून बघा. मग यादी रिकामी धरून ओळीओळीने तपासा. यादीत एकच नोंद धरून तपासा. दोन नोंदी आणि हवी ती दुसरी, असं धरून तपासा. शेवटी, यादीत नसलेली आणि सगळ्यांहून मोठी संख्या शोधा. दर फेरीला दोन्ही टोकं कुठे आहेत ते समासात लिहीत जा. कुठल्यातरी फेरीनंतर ती टोकं जागची हललीच नाहीत, तर तुमचा प्रोग्रॅम कधीच थांबणार नाही. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ती ओळ पुन्हा लिहा. नमस्कार.