साथीला आणलेली पेटी

टीबी-३०३ ही चंदेरी इलेक्ट्रॉनिक वाद्यपेटी एखाद्या जाडजूड वहीएवढीच आहे. खालच्या कडेला पियानोच्या पट्ट्यांसारखी मांडलेली एका सप्तकाची बटणे आहेत आणि वरच्या बाजूला बारीक नॉबची एक रांग आहे. रोलँड या जपानी कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ या नावाने ती विक्रीला आणली, ती एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेस गिटारची साथ मिळावी म्हणून. साथ मात्र तिला जमली नाही. खऱ्या बेस गिटारसारखा तिचा आवाज वाटत नसे, शिवाय सूर एका फेरीत आणि त्यांची लय दुसऱ्या फेरीत भरावी लागत असल्याने ती वापरणारा माणूस मेटाकुटीला येई. सुमारे १०,००० नग तयार झाल्यावर कंपनीने १९८४ मध्ये उत्पादन थांबवले आणि जुन्या वाद्यांच्या दुकानांत ती स्वस्तात मिळू लागली. ॲसिड हाउस या नृत्यसंगीताचा खास आवाज या फसलेल्या पेटीतून निघाला.

शिकागोमध्ये तोवर हाउस संगीत रुजले होते. ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबमध्ये डीजे फ्रँकी नकल्स जे संगीत वाजवत, त्यावरून हे नाव आले असे मानले जाते. प्रत्येक मात्रेवर पडणारा बेस ड्रम आणि मिनिटाला साधारण १२० ठोके हा त्याचा पाया. त्याच शहरात डीजे पिअर, स्पँकी आणि हर्ब जे या तिघांच्या ‘फ्यूचर’ या गटाच्या हाती एक जुनी ३०३ लागली. ठेका चालू असताना पिअर नॉब फिरवत बसला आणि पेटी बोलू लागली. फिल्टरचा नॉब उघडत नेला की तोच सूर बदलत जातो. मिटल्या ओठांतला ‘ऊ’ हळूहळू उघडत ‘आ’ व्हावा, तसा. शेजारचा रेझोनन्सचा नॉब वाढवला की त्या स्वराला चिमटा बसल्यासारखी धार येते आणि आवाज बुडबुडत, कुरकुरत, शेवटी किंचाळत जातो. पेटीत भरलेली, पुन्हा पुन्हा वाजणारी सुरावट तीच, सोळा घरांची. बदलतो तो फक्त तिचा उच्चार. या तिघांनी केलेली त्या आवाजाची टेप ‘म्युझिक बॉक्स’ क्लबमध्ये डीजे रॉन हार्डी यांनी एकाच रात्री चार वेळा लावली, पहिल्या खेपेला लोक बाजूला झाले आणि चौथ्या खेपेला बेभान नाचले, असे सांगितले जाते. १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ या नावाने तिची रेकॉर्ड निघाली आणि पुढच्याच वर्षी लंडनचे क्लब या आवाजाने भारून गेले.

आता मुंबईकडे, आणि पाच वर्षे मागे.

चरणजित सिंग हे इथल्या सिनेसंगीतातले वादक. श्रेयनामावलीत क्वचितच दिसणाऱ्या, पण ज्यांच्यावाचून एकही गाणे उभे राहत नसे, अशा म्युझिशियन मंडळींपैकी ते एक होते. समोर नोटेशन, कानाला हेडफोन आणि टेक ओके झाला की पुढच्या स्टुडिओची वाट. ‘कुर्बानी’नंतर हिंदी चित्रपटांत डिस्कोची लाट आली होती. अशा वेळी १९८२ मध्ये सिंग यांनी एचएमव्हीसाठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड ध्वनिमुद्रित केली. तबला नाही, तानपुरा नाही. ठेक्याला टीआर-८०८, बेसला हीच ३०३ आणि वर ललत, तोडी, यमन, मालकंस वाजवायला ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर.

आजच्या श्रोत्याला या रेकॉर्डमध्ये ॲसिड हाउस ऐकू येते, ते उगाच नाही. रागसंगीतात कॉर्ड बदलत नाहीत, षड्ज हलत नाही. एकाच आवर्तनात फिरत राहणाऱ्या यंत्राला असे संगीत आयतेच मानवते. ३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे आणि ती ऐकताना कान मींड शोधू लागतो. अर्थात ती मींड नव्हे. सुरांमधले अंतर कितीही असो, पेटी तेवढ्याच निमिषात ते ओलांडते. मालकंसातल्या कोमल धैवतावर रेंगाळणे तिला ठाऊक नाही. जाणकाराने नाक मुरडले तर त्याला दोष देता येणार नाही.

रेकॉर्ड फारशी खपली नाही. २००२ मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये ती नव्याने प्रसिद्ध झाल्यावर ‘ॲसिड हाउसचा जनक मुंबईकर’ असे मथळे झळकू लागले. हा अभिमान समजण्यासारखा असला, तरी तो जरा उसना आहे. शिकागोच्या त्या तरुणांनी ही रेकॉर्ड ऐकली होती, असा पुरावा नाही. त्याहून मोठा फरक पेटीच्या जागेचा आहे. सिंग यांच्याकडे ती साथीदाराच्या जागी, रागाच्या मागे बसते. शिकागोत तिला मैफलीच्या मधोमध बसवून मुख्य कलाकार केले गेले, आणि ॲसिड हाउस म्हणतात ते यालाच.

सत्तरी ओलांडल्यावर सिंग यांना युरोपातून कार्यक्रमांची निमंत्रणे आली. ॲसिडच्या ओढीने जमलेल्या तरुणांसमोरही ते रागच वाजवत. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.