नानांच्या कॅसेटी आणि काडेपेटीएवढं यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

नाना गेले तेव्हा आमच्या वाट्याला कॅसेटींनी भरलेली ट्रंक आली. त्यातली निम्मी गाणी रेडिओवरची. नाना रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बटण दाबायचे, त्यामुळे यमनच्या ऐन आलापीत आईच्या कुकरची शिट्टी! पट्ट्या चिकटायला लागल्या तेव्हा मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. ही गोष्ट २०१० च्या सुमाराची. आता हे ऐकायचं कशावर?

तेव्हा ज्याला विचारावं तो म्हणे, आयपॉड घे, म्हणजे ॲपलचा गाण्यांचा प्लेअर. २००१ मध्ये आला तेव्हाच त्याच्या पाच जीबीत हजार गाणी मावतात, असा गाजावाजा झाला होता. भाच्याकडचा हातात घेऊन पाहिला. देखणी वस्तू, यात शंका नाही. पण त्यात गाणं चढवायचं ते आयट्यून्स या ॲपलच्याच प्रोग्रॅमच्या हातून, आणि आत गेलेली फाइल लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरी सांकेतिक नावानं राहणार. नानांनी प्रत्येक कॅसेटवर तारीख आणि राग लिहून ठेवला होता. तीच नावं मी फायलींना दिली होती. ती अशी बदललेली मला नको होती.

म्हणून मी सॅनडिस्कचा सान्सा क्लिप प्लस नावाचा प्लेअर घेऊन पाहिला. काडेपेटीएवढा, पदराला अडकवता येणारा. कॉम्प्युटरला जोडला की पेन ड्राइव्हसारखा उघडतो. फोल्डर उचलायचं, आत टाकायचं. बाजूला मेमरी कार्डाची खाच. माझ्या फायली १२८ केबीपीएसच्या, म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी. कॅसेटची अर्ध्या तासाची एक बाजू तीस एमबीत बसली, आणि चार जीबीत साठ तासांहून जास्त गाणं.

पहिल्याच दिवशी सगळे बुवा ‘अननोन’ नावाच्या एकाच गायकात जमा झाले! दोष यंत्राचा नव्हता. ते फाइलच्या पोटातली माहिती वाचून यादी लावतं, आणि कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलच्या पोटात काहीच नसतं. फोल्डरनं शोधायला लागले, मग सापडले.

दुसरी अडचण एमपीथ्रीचीच. फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता चिकटते. सिनेमाच्या गाण्यांत ती कळत नाही. पण मी एकच ख्याल तीन तुकड्यांत कापलेला, त्यामुळे विलंबितात ठेच लागल्यासारखं व्हायचं. भाच्यानं त्यावर रॉकबॉक्स चढवून दिलं. ही फुकट मिळणारी प्रणाली २००१ मध्ये स्वीडनमधल्या काही प्रोग्रॅमरांनी आर्कोस कंपनीच्या प्लेअरसाठी लिहायला घेतली होती. फाइल नीट बनवलेली असेल तर ती शांतता गाळते. मग ख्याल पुन्हा सलग झाला.

आणि यात एफएम आहे, बरं का! इअरफोनची वायरच एरियल. वायर गुंडाळून ठेवलीत तर नुसती खरखर. मोकळी सोडा, मग आम्ही ऐकू येऊ.

रेडिओ लागलेला असताना रेकॉर्डही करता येतं. परवा रात्री एक मैफल घेतली आणि फाइलला नाव दिलं, तारीख आणि राग. आवाज अगदी स्वच्छ आलाय. माझा कुकर तेव्हा गॅसवरच होता, पण त्याची शिट्टी काही त्यात आली नाही.