टिश्यूची केळी आणि सिकलसेलची गोळी

राम राम मंडळी! मागे दिसतोय तो सावदा-रावेर रस्त्यावरचा केळीचा मळा. जी-नाइन जात, टिश्यूची म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं. सगळी एकाच झाडाच्या नकला, म्हणून निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, जवळजवळ एकदम आणि ठिबकमधून सोडलेला एकच डोस अख्ख्या बागेला लागू. माणसांनाही आपण औषध बऱ्याचदा असंच सोडतो, ठिबकमधून, सगळ्यांना एकच डोस. पण माणसं काही एकाच झाडाच्या नकला नाहीत.

आता सातपुड्यात चला. धडगाव, अक्कलकुवा. तिथल्या पावरा-भिल्ल पाड्यांवर सिकलसेल घरोघर माहीत. हिमोग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदललेलं, बस्स. तेवढ्यानं रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिनीत अडकते आणि हाडं ठणकतात. पण दोघं भाऊ, दोघांचाही रिपोर्ट एसएस, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेलं, तरी एक सारखा दवाखान्यात आणि दुसरा मोळी घेऊन डोंगर चढतो, असंही होतं. कसं काय?

१९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनी टिपलं की सिकलसेलची तान्ही बाळं सुरुवातीचे महिने ठणठणीत असतात. पोटात असतानाचं हिमोग्लोबिन, एचबीएफ, अजून अंगात असतं आणि ते पेशी वाकू देत नाही. काहींच्या रक्तात ते मोठेपणीही बरंच उरतं. २००८ च्या सुमारास अशा लोकांची जनुकं चाळताना बीसीएल-इलेव्हन-ए हाती लागलं. एचबीएफचा नळ बंद करणारं जनुक हेच! मला यातली गंमत ही वाटते, की औषधाचा नेम कुठे धरायचा ते कमी त्रासवाल्यांच्या रक्तानं सांगितलं.

त्यावरून कॅसजेव्ही ही जनुक-उपचारपद्धत आली, २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर. रुग्णाच्याच रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढायच्या, क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीनं त्या जनुकाचा रक्तपेशींपुरता खटका तोडायचा, परत सोडायच्या. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. ऐकून पाड्यावरची आजी हसेल, आणि बरोबरच हसेल.

आपल्याकडे हायड्रॉक्सीयुरियाची गोळी आहे. तीही एचबीएफच वाढवते. डोस वजनावर सुरू होतो, पुढे रक्त तपासत कमी-जास्त करतात. म्हणून भावाची गोळी भावानं खायची नाही.

तीच गोष्ट हिवतापावरच्या प्रायमाक्विन गोळीची. ज्याच्या अंगात जन्मतः जी-सिक्स-पीडी, म्हणजे रक्तपेशी जपणारं एक एन्झाइम, कमी, त्याच्या रक्तपेशी ही गोळी फोडू शकते. कोर्स चालू असताना लघवी कोऱ्या चहासारखी दिसली, तर पुढची गोळी घेऊ नका. गोळ्यांचं पाकीट खिशात टाका आणि त्याच दिवशी पीएचसी गाठा.