सरकतं दार कधी बदलायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

बाल्कनीकडे, अंगणाकडे किंवा गच्चीवर उघडणारं मोठं काचेचं सरकतं दार. घरात भरपूर उजेड आणणारं, आणि काही वर्षांनी भरपूर कुरकुरणारंही. नवं असताना एका बोटानं सरकायचं, आता खांदा लावल्याशिवाय हलत नाही. मग कुणीतरी म्हणतंच, काढून टाकू या एकदाचं, नवं बसवू. आज बोलायचंय ते या वाक्याबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. दार जड सरकतं, एवढ्यावरून ते बदलायला निघू नये. काच धुरकट झाली, एवढ्यावरूनही नाही. या दारात चाकं असतात, रबर आणि ब्रशच्या पट्ट्या असतात, काच असते, कडी असते. यातलं जवळजवळ सगळं सुटं मिळतं आणि सुटं बदलता येतं. बदलता येत नाही ती चौकट. दार राहणार की जाणार, हे चौकटीकडे बघून ठरवायचं. आपण मात्र बघतो काचेकडे, कारण डोळ्यांत भरते ती काच.

आधी जड सरकण्याचंच घेऊ, कारण तक्रार तिथूनच सुरू होते. काचेच्या वजनाचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर काच, जाडी एक मिलिमीटर, तर वजन अडीच किलो. एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच पल्ल्यात, म्हणजे दाराच्या सरकणाऱ्या भागात, ५ मिलिमीटरची काच असेल तर नुसत्या काचेचेच २५ किलो झाले. दुहेरी काच असेल तर ५०. पल्ल्याच्या फ्रेमचं वजन आणखी वेगळं. हा सगळा भार पल्ल्याच्या पोटात दडलेल्या दोन-चार छोट्या चाकांवर असतो, आणि ती चाकं धावतात केस, वाळू, धूळ यांनी भरलेल्या ट्रॅकमध्ये. चाकं कुरकुरणार नाहीत तर काय करतील?

म्हणून पहिलं काम सफाईचं. ट्रॅक व्हॅक्यूमनं ओढून घ्या, कोपऱ्यातला काळा चिकट थर जुन्या टूथब्रशनं खरवडून काढा. आणि तेल ओतू नका. तेल पहिल्या दिवशी छान वाटतं, आठवड्याभरात त्याला धूळ चिकटते आणि त्याचीच चिकी होते. सिलिकॉनचा स्प्रे कोरडा राहतो, तो मारा. मग पल्ल्याच्या खालच्या टोकाला, कडेला किंवा समोरून, एक छोटं भोक शोधा. बहुतेकदा त्यावर प्लॅस्टिकची टोपी असते. आत स्क्रू असतो. तो फिरवला की चाक खाली जातं आणि पल्ला वर उचलला जातो. फिरवताना दुसऱ्या माणसानं पल्ला पहारीनं जरासा उचलून धरावा, नाहीतर भाराखाली स्क्रूची खाच खराब होते.

एवढं करूनही दार हलत नसेल तर पल्ला उतरवावा लागेल. हे दोघांचं काम आहे, एकट्यानं करू नये. पल्ला आडवा ठेवून चाकं हातानं फिरवून बघा. एका बाजूनं सपाट झालेलं नायलॉनचं चाक, गंजून अडकलेलं बेअरिंग, हे लगेच कळतं. अशी चाकं बदलतात. ट्रॅकवर नख फिरवा. खाचा लागल्या, मधेच चेपल्यासारखं वाटलं, तर जुन्या ट्रॅकच्या उभ्या कडेवर स्टेनलेस स्टीलची नवी पट्टी टोपीसारखी बसवता येते. हे सगळं दुरुस्तीत बसतं, नव्या दारात नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. चाकं, कड्या, रबराच्या पट्ट्या प्रत्येक बनावटीच्या सेक्शनप्रमाणे, म्हणजे फ्रेमच्या पट्ट्यांच्या आकाराप्रमाणे, वेगळ्या असतात. तुमच्या दाराचा सेक्शन बनणंच बंद झालं असेल, तर चौकट धडधाकट असूनही दार अडून बसतं. फॅब्रिकेटरनं, म्हणजे दारं बनवून बसवणाऱ्यानं, जुगाड करून एकदा चाक बसवलं तर ठीक. दर पावसाळ्यात तेच होत असेल, तर बदलायचा विचार करायला हरकत नाही.

आता चौकट. तीन गोष्टी तपासायच्या: गुण्या (म्हणजे चौकटीचे कोपरे काटकोनात आहेत का), पाणी आणि मजबुती.

गुण्यासाठी फक्त टेप लागते. चौकटीच्या आतल्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत माप घ्या, मग उलटं. दोन्ही कर्ण सारखे आले तर चौकट गुण्यात आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या. सेंटिमीटरभर फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे. टेप नसेल तर पल्ला बंद करत आणा, बोटभर फट राहील तिथे थांबवा आणि ती फट वरपासून खालपर्यंत बघा. वर बारीक आणि खाली रुंद, किंवा उलट, अशी पाचरीसारखी दिसली तर काहीतरी कललंय. पण ही पाचर कधी नुसत्या चाकांच्या कमीजास्त उंचीमुळेही येते. म्हणून आधी तो स्क्रू फिरवून बघा. फट सरळ झाली, तर चौकटीवर आळ घेऊ नका.

वरचा ट्रॅक मधोमध खाली वाकलाय का, तेही बघाच. दोन टोकांमध्ये दोरा ताणून धरला की दिसतं. वाकला असेल तर दाराचा दोष नाही. वरच्या लिंटेलचा किंवा तुळईचा भार चौकटीवर येतोय. अशा वेळी लोक नवं दार बसवतात, आणि काही महिन्यांत तेही अडकायला लागतं. इथे फॅब्रिकेटरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायचं.

आता पाणी. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. सरकतं दार पूर्ण पाणबंद नसतं, तसं ते बनवलेलंच नसतं. पावसाचं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये येणार, हे बनवणाऱ्यानं धरलेलंच असतं. ते बाहेर जावं म्हणून चौकटीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी खाली, छोटी लांबट भोकं ठेवलेली असतात. ही भोकं मातीनं, मुंग्यांनी, आणि कित्येकदा रंगाऱ्याच्या ब्रशनं किंवा कुणाच्या अतिउत्साही सिलिकॉननं बुजलेली असतात. मग ट्रॅक भरतो, पाणी आत सांडतं, आणि आपण म्हणतो दार गळतं.

कोरड्या दिवशी मगभर पाणी ट्रॅकमध्ये हळूहळू ओता आणि बाहेर जाऊन बघा. भोकांतून धार लागली तर उत्तम. पाणी साचून राहिलं तर बारीक तारेनं भोकं मोकळी करा आणि पुन्हा ओता. तिसरी शक्यता वाईट. पाणी बाहेर येत नाही, ट्रॅकमध्येही राहत नाही, हळूहळू कुठेतरी गडप होतं. म्हणजे ते चौकटीच्या सांध्यातून किंवा खालच्या स्क्रूच्या भोकांतून जमिनीत आणि भिंतीत उतरतंय. आतल्या बाजूला दाराच्या कोपऱ्यापाशी रंगाचे पोपडे, भिंतीवर पांढरट क्षार, फुगलेली लाकडी फरशी किंवा पोकळ वाजणारी टाइल, या याच पाण्याच्या खुणा. सांधा स्वच्छ आणि पूर्ण कोरडा करून एकदा सील करून बघावा. सील करूनही पाणी गडप होत राहिलं, तर चौकट काढावीच लागेल, कारण तिच्याखाली काय झालंय हे ती उचलल्याशिवाय दिसत नाही.

ओल कायम राहिली की लाकडी चौकट खालून कुजते. वरून रंग ताजातवाना दिसतो, म्हणून रंगावर जाऊ नका. उंबऱ्याजवळच्या दोन्ही कोपऱ्यांत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. चांगलं लाकूड विरोध करतं, कुजलेल्यात टोक सहज शिरतं. नखाएवढी जागा कुजली असेल तर ती कापून तुकडा जोडता येतो. खांबाचा तळच मऊ झाला असेल किंवा वाळवीनं आतून पोखरला असेल, तर पुढे चर्चा नको. ॲल्युमिनियम कुजत नाही, पण खारट हवेत त्यावर पांढरी भुकटी धरते आणि खड्डे पडतात. वरवरचं असेल तर ते रूप बिघडण्यापुरतंच. कोपऱ्यातले सांधे सुटले किंवा स्क्रू पकड घेईना, तर मजबुती गेली. यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लॅस्टिक, पिवळं पडलं तर पडू दे. पण फ्रेम वाकली, कोपऱ्यात जोडावर तडा गेला, तर ती सरळ होत नाही.

आता काच. दुहेरी काचेच्या दारात दव कुठे धरलंय ते बोटानं पुसून बघा. आतल्या बाजूनं पुसलं गेलं तर खोलीत दमटपणा जास्त आहे. बाहेरच्या बाजूनं पुसलं गेलं तर काळजीचं काही नाही. थंडीत आतली ऊब बाहेरच्या काचेपर्यंत पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. कुठूनच पुसलं जात नसेल तर ते दोन काचांच्या मधे आहे, म्हणजे कडेचं सील गेलं. मधल्या पट्टीत ओल शोषणारे दाणे भरलेले असतात. ते भिजून संपले की काच धुरकट होते आणि पुन्हा स्वच्छ होत नाही. यावर उपाय म्हणजे फक्त ती काचेची जोडी बदलणं. चौकट तीच, पल्ला तोच. ‘काच खराब झाली म्हणजे अख्खं दारच बदला,’ असं कुणी सांगितलं तर त्याला कारण विचारा.

एका बाबतीत मात्र थांबू नका. काचेच्या कोपऱ्यात पुसट छापलेली खूण असते, सेफ्टी काच असल्याची. जुन्या दारात ती खूण नसेल तर काच साधी असण्याची शक्यता धरून चाला. साधी काच फुटली की लांब, धारदार पाती होतात, आणि इथे माणूस सबंध अंगानं आदळू शकतो. टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेली सेफ्टी काच, त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते आणि फुटली तरी तिचे बारीक, बोथट खडे होतात. पोलराइज्ड गॉगल असेल तर तो लावून तिरप्या उजेडात काचेकडे बघा. टफन काचेत बरेचदा ठिपके किंवा पट्टे दिसतात. पण ते दिसले नाहीत म्हणून काच साधीच, असं म्हणता येत नाही. शंका असेल तर काचवाल्याला दाखवा. काच साधी निघाली तर ती बदला, दार मात्र राहू द्या.

दार मोडलेलं नाही, पण नकोसं झालंय, असंही असतं. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फ. साधी एकेरी काच एक चौरस मीटरमधून, आतबाहेर एक अंशाचा फरक असताना, ६ वॅटच्या जरा खाली उष्णता जाऊ देते. साध्या दुहेरी काचेत हा आकडा ३ च्या आत येतो, आणि उष्णता परतवणारा लेप व मधे आर्गॉन वायू असेल तर दीडच्याही खाली. हे ऐकून बरेच जण म्हणतात, मग जुन्याच चौकटीत दुहेरी काच घालू. सहसा जमत नाही. जुन्या फ्रेमची खाच तेवढी खोल नसते आणि चाकांवर वजन दुप्पट होतं. शिवाय साध्या ॲल्युमिनियममधून यूपीव्हीसीच्या साधारण हजारपट उष्णता जाते. मधे उष्णतारोधक पट्टी नसेल तर काच कितीही भारी घ्या, चौकट तापतेच. पण नुसत्या उन्हाचा त्रास असेल तर आधी बाहेरून सावली करा. काचेवर पडायच्या आधी अडवलेलं ऊन आतल्या पडद्यानं अडवलेल्या उन्हापेक्षा कितीतरी कमी तापवतं.

सुरक्षेचं थोडक्यात. बंद दाराचा पल्ला दोन्ही हातांनी वर उचलून बघा. ट्रॅकमधून सुटायला लागला तर चोरालाही तो सुटेल. वरच्या ट्रॅकमध्ये अडथळ्याचा ठोकळा बसवला की काम होतं. उंबरा मात्र खरं कारण ठरू शकतो. घरात व्हीलचेअर किंवा वॉकर आला असेल, तर उंच ट्रॅकचं धडधाकट दारही बदलायला हवं. फक्त सपाट उंबरा घेताना बाहेर पाण्याला वाट करून घ्या, नाहीतर पाऊस थेट खोलीत.

आणि बदलायचं ठरलंच, तर जुन्या चौकटीच्या आत नवी चौकट बसवून देतो म्हणणाऱ्याला लगेच हो म्हणू नका. भिंत फोडावी लागत नाही हे खरं, पण वाट अरुंद होते आणि खालची कूज तशीच झाकली जाते. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी मोजायची आणि त्यातलं सगळ्यात लहान माप धरायचं. फरशी बदलायची असेल तर ती आधी. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. माप चुकलं तर काच नवीच करावी लागते. नवी चौकट बसताना तिच्याखाली पाणी बाहेर टाकणारा, बाहेरच्या बाजूला उताराचा थर केलाय का, हे तिथे उभं राहून बघा. चौकट बसल्यावर तो दिसणार नाही. सिलिकॉनला दिवसभर सुकू द्या, आणि आतल्या कडेच्या पट्ट्या ठोकायच्या आधी ट्रॅकमध्ये मगभर पाणी ओतून घ्या. गळत असेल तर ते तेव्हाच, फॅब्रिकेटरच्या समोर गळू दे.

नमस्कार.