पाताळेश्वर : वरून खाली कोरलेले मंदिर

श्रोतेहो, नमस्कार. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावरून आपण रोज जा-ये करतो, त्याच रस्त्याला लागून, जमिनीच्या पातळीखाली, पाताळेश्वराचे मंदिर आहे. हे मंदिर बांधलेले नाही, कोरलेले आहे. आणि तेही वरून खाली. आजच्या भाषणात मला मुख्यत्वे एवढेच सांगायचे आहे.

मंदिर आठव्या शतकातले, राष्ट्रकूट काळातले मानले जाते. इसवी सन 758च्या राष्ट्रकूट ताम्रपटात आपल्या प्रदेशाचा ‘पुण्य विषय’ (विषय म्हणजे त्या काळचा प्रशासकीय प्रांत) असा उल्लेख आहे, आणि ज्या कृष्णराजाच्या कारकिर्दीशी वेरूळचे कैलास लेणे जोडले जाते, त्याच्याच काळातला तो ताम्रपट आहे. अंगणात वर्तुळाकार नंदीमंडप, त्यावर छत्रीसारखे दगडी छत. पुढे चौकोनी, जाडजूड खांबांचा मंडप. मागे तीन गाभारे, मधल्यात शिवलिंग, आणि गाभाऱ्यांभोवती प्रदक्षिणेची वाट. नक्षीकाम फारसे नाही, कारण काम अर्धवट राहिले आहे.

हे अर्धवटपण कसे पाहावे, हे मला एका वृद्ध पाथरवटाने शिकवले. आमच्या आळीत ते पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायला येत असत. (मिक्सर आल्यापासून ती हाक ऐकू येत नाही, आणि पाट्यावर वाटलेल्या चटणीची चव मिक्सरला आजही साधलेली नाही, हे माझे ठाम मत आहे.) एकदा मी त्यांना आग्रहाने पाताळेश्वरी नेले. त्यांनी देवाला हात जोडले आणि ते थेट एका ओबडधोबड राहिलेल्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ टाकीचे घाव निरखून ते म्हणाले, “ताई, इथं वरच्या अंगाला बघा, कसं साफ झालंय. आता गुडघ्याच्या उंचीला बघा.” खाली घाव मोठे, खोल आणि विस्कळीत होते. “माणूस वरचं साफ करत खाली येत होता. खालचं साफ व्हायच्या आत काम थांबलं.”

मी विचारले, “बाबा, एखादा घाव चुकला असता तर?” ते हसले नाहीत. म्हणाले, “माझा पाटा फुटला तर गिऱ्हाइकाला दुसरा देतो. हा खांब फुटला तर दुसरा आणायचा कुठनं? तो डोंगराचाच हाय.” मग नंदीमंडपाच्या छताकडे बोट करून त्यांनीच मला विचारले, “आधी काय झालं असंल, खांब का छत?” मी उत्तर देण्याआधीच ते म्हणाले, “छत आधी. खांब मागनं. जमीन सगळ्यात शेवटी.”

छत आधी, खांब मागून, जमीन शेवटी. घर बांधताना आपण पायापासून वर जातो. इथल्या कारागिराने कातळाच्या माथ्यापासून सुरुवात केली आणि नको असलेला दगड काढत तो खाली उतरला. त्यामुळे त्याला चुना लागला नाही, की छत धरून ठेवायला परांची लागली नाही. मात्र कुठला दगड ठेवायचा आणि कुठला काढायचा, याचा निर्णय पहिल्या घावाआधीच व्हावा लागत होता, कारण काढलेला दगड परत बसवता येत नाही. शिवाय हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला, आपल्या सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आहे. अशा कठीण कातळात छिन्नी-हातोड्याने एवढा मंडप मोकळा करणाऱ्यांची नावे कुठे कोरलेली दिसत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे आणि इथे पूजाही चालू आहे. शेजारच्या जंगली महाराजांच्या समाधीला आपण जाल तेव्हा इथेही यावे, आणि दर्शन झाल्यावर छतापासून पाहायला सुरुवात करून नजर हळूहळू जमिनीपर्यंत आणावी. काम ज्या क्रमाने झाले, तोच हा क्रम आहे. नमस्कार.